सेन्सरचा नॉइज आणि लेन्सची चाचणी

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर उजेडाची नोंद घेताना तीत किती खोटा चढउतार (नॉइज) मिसळतो आणि लेन्स बारीक ठिपक्याचे चित्र कितपत ठिपक्यासारखेच उमटवते, हे मोजण्याच्या पद्धती. प्रयोगशाळेत यासाठी खास साधने असतात. पण काळोख, एकसारखा उजेड आणि एखादा तारा एवढ्यावर पुण्यातल्या गच्चीवरूनही बरेच कळते.

नॉइजचा मोठा भाग हा कॅमेऱ्याचा दोष नसतोच. प्रकाश कणाकणाने येतो आणि सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉन सुटे करतो. एका पिक्सेलमध्ये सरासरी १०,००० इलेक्ट्रॉन जमले, तर त्यांत १०० चा, म्हणजे १ टक्का चढउतार अटळ असतो. १०० च जमले, तर १० चा, म्हणजे १० टक्के. ‘आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता ठरवणारा आकडा) वाढवला की नॉइज वाढतो’ हे म्हणूनच अर्धे खरे. आयएसओ वाढवताना आपण सेन्सरपर्यंत पोचणारा उजेड कमी करतो, खरी गोम तिथे आहे.

कॅमेऱ्याचा स्वतःचा वाटा लेन्सला झाकण लावून काढलेल्या डार्क फ्रेममध्ये दिसतो. अगदी कमी वेळाच्या फ्रेममध्ये वाचन-नॉइज, म्हणजे पिक्सेल वाचताना इलेक्ट्रॉनिक्सने घातलेली भर, तर काही मिनिटांच्या फ्रेममध्ये उष्णतेने सुटलेले इलेक्ट्रॉन. हे इलेक्ट्रॉन साधारण दर ६ ते ८ अंश सेल्सिअसला दुप्पट होतात. पुण्यात एप्रिलची दुपार ४० अंशांजवळ जाते, डिसेंबरची रात्र १० च्या आसपास उतरते. सेन्सरच्या तापमानात तेवढाच फरक पडला, तर त्यांची संख्या १३ ते ३२ पट बदलते. तापमान न लिहिलेल्या चाचणीची तुलना दुसऱ्या चाचणीशी करण्यात अर्थ नाही. खगोलीय कॅमेऱ्यांचे सेन्सर थंड ठेवतात ते यासाठीच. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची पुण्याजवळ गिरवलीला २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींवर कोऱ्या (उजेड न पडू देता घेतलेल्या) आणि एकसारख्या उजळलेल्या फ्रेम घेणे हा नित्याचा पाठ असतो.

मोजणी रॉ फाइलवरच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीवरच करावी. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने आधीच इस्त्री फिरवलेली असते. सारख्या उजेडाच्या दोन फ्रेम एकमेकींतून वजा केल्या की पिक्सेलांचे कायमचे कमीजास्तपण निघून जाते. उरलेल्या प्रमाण विचलनाला √२ ने भागले की एका फ्रेमचा नॉइज मिळतो.

लेन्सचे काम जास्त फसवे. भिंतीवर वर्तमानपत्राचे छोट्या जाहिरातींचे पान चिकटवून फोटो काढणे ही घरोघरची पद्धत. मात्र कॅमेरा भिंतीला किंचित तिरका असला तरी एक कोपरा पुसट येतो आणि बिचाऱ्या लेन्सवर आळ येतो. मग कॅमेरा खालची बाजू वर असा उलटा धरून पुन्हा फोटो घ्यावा. पुसटपणा भिंतीवर होता तिथेच राहिला, तर चूक मांडणीची. समोरच्या कोपऱ्यात गेला, तर लेन्सची. एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच लहान केल्यावर, मात्र उत्तम लेन्सही मऊ पडते: तिथे प्रकाश पसरल्याने ठिपक्याची चकती सुमारे २१ मायक्रोमीटरची होते, म्हणजे ४ मायक्रोमीटरच्या पाच पिक्सेलांएवढी.

सर्वांत कडक परीक्षक तारा. कोपऱ्यातल्या ताऱ्याला शेपूट फुटले, तर तो कोमा नावाचा लेन्सचा दोष. शहराच्या उजेडातही ठळक तारे यासाठी पुरतात. अडचण आकाशाच्या फिरण्याची: ५० मिमी लेन्स आणि ४ मायक्रोमीटरचे पिक्सेल असतील, तर खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सुमारे एका सेकंदातच एक पिक्सेल सरकतो. ध्रुवाजवळचे तारे सावकाश चालतात, पण पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम १८.५ अंश, उत्तरेला सोसायटीची दुसरी इमारत नसली म्हणजे मिळवली.