कोकणच्या पावसात युक्का

अलिबागपासून मालवणपर्यंत किनाऱ्यालगतची नवी घरं आणि रिसॉर्टं बघत गेलं की फाटकाशी युक्का हटकून भेटतो. खाली जाडजूड खोड, वर लांब टोकदार पानांचा झुबका. गावातली जुनी माणसं त्याला घायपात समजतात, आणि ती फारशी चुकत नाहीत. दोन्ही झाडं एकाच कुळातली, दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. विकणारा मात्र ‘वाळवंटातलं झाड आहे, काही करावं लागत नाही’ म्हणून हातात कुंडी देतो. मिरगाच्या तोंडावर आणलेलं हे झाड गणपतीपर्यंत बुडाशी मऊ पडतं. जरा हलवलं की खोड सरळ उपटून हातात येतं, सोबत कुजट वास.

वाळवंटाची गोष्ट अर्धीच खरी. युक्काच्या चाळीसहून जास्त जाती आहेत. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातला प्रसिद्ध जोशुआ वृक्ष हाही युक्काच, पण त्याला कोकणात आणायच्या फंदात कुणी पडू नये. आपल्या नर्सरीत बहुतेक वेळा मिळतो तो बिनकाट्याचा युक्का, म्हणजे युक्का गिगांटिया. जुन्या चिठ्ठ्यांवर एलिफंटिपेस असंही लिहिलेलं असतं. त्याचं मूळ घर दक्षिण मेक्सिको ते मध्य अमेरिका. एल साल्वादोरचं ते राष्ट्रीय फूल, आणि तिथले लोक त्याच्या पाकळ्या अंड्यात परतून खातात. त्या देशात पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर. दुसरी जात युक्का अलॉइफोलिया, पानाच्या टोकाला सुईसारखा काटा असलेली. ती अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर समुद्राकाठच्या वाळूत वाढते. म्हणजे एकीला पाऊस माहीत आहे, दुसरीला खारा वारा. मग आपल्याकडे ही झाडं का कुजतात?

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून हवा खेळते, तीतला ऑक्सिजन मुळं घेतात. या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन पाण्यातून झिरपत यावा लागतो, आणि पाण्यात त्याचा हा प्रवास हवेपेक्षा सुमारे १०,००० पटींनी मंद असतो. मुळं गुदमरतात, पेशी मरतात, आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढते. बुरशीनाशक ओतणारे पुष्कळ भेटतात; पण माती चिकट राहिली तर त्या औषधाचे पैसे पाण्यातच गेले.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाला खापऱ्या, विटांचे तुकडे भरायची आपली जुनी रीत. ती फारशी उपयोगाची नाही. बारीक मातीने धरलेलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. माती पुरती चिंब होईपर्यंत ते तिथेच अडकून राहतं, म्हणजे चिखलाचा थर उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. उंच कुंडी बसक्या कुंडीपेक्षा लवकर का सुकते ते त्यात दिसतं. भोकावर एक खापरी पुरे. बाकीची सुधारणा मातीतच करायची: अर्धी बागेची माती, अर्धी जाड रेव किंवा चाळून घेतलेला चिऱ्याचा चुरा, वर मूठभर कुजलेलं शेणखत. चुरा चाळायचा आळस करू नका, त्यातली धूळच पुढे चिखल करते. कोकोपीट पाणी धरून ठेवतं, म्हणून या झाडाला नकोच. पुळणीवरची वाळू वापरायची तर आधी तिच्यातलं मीठ धुऊन काढा.

जमिनीत लावताना जागा पागोळीपासून लांब हवी. दापोलीसारख्या ठिकाणी वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. छपराचा उतार भिंतीपासून आडवा चार मीटर पुढे आलेला असेल, तर पागोळीच्या दर एका मीटर लांबीवर मोसमात १४,००० लिटर पाणी कोसळतं. त्याखाली युक्का म्हणजे विहिरीत युक्का. गडग्यालगतचा उंचवटा किंवा फूट-दीड फुटाचा मातीचा वरंबा उत्तम. समुद्राच्या अगदी तोंडावर अलॉइफोलियाच घ्यावा. त्याच्या पानांवरचा मेणाचा जाड थर खारं वारं पचवतो. पण पोरं खेळतात त्या अंगणात काट्यांची टोकं कात्रीने छाटून टाका. ती नेमकी डोळ्यांच्या उंचीवर असतात.

घरातला प्रश्न पाण्याइतकाच उजेडाचा. आपले डोळे अंधाराला पटकन सरावतात आणि फसतात. भर उन्हात बाहेर १,००,००० लक्सच्या आसपास उजेड असतो, तर खोलीच्या आतल्या कोपऱ्यात तो काहीशे लक्सवर येतो. त्यात पावसाळ्यात आभाळ भरलेलं. माजघरातला युक्का त्या दिवसांत वाढतच नाही, त्यामुळे पाणीही पीत नाही. अशा वेळी ‘दर रविवारी पाणी’ असा नेम म्हणजे हळूहळू मारणं. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला. जागा खिडकीशी किंवा पडवीच्या कडेला असावी. गणपतीनंतर एकदम उन्हात नेऊन ठेवलात तर पानांवर पांढुरके चट्टे पडतील, तेव्हा थोडं थोडं सरकवा.

‘रात्री ऑक्सिजन देणारं झाड’ म्हणूनही काही जण युक्का बेडरूमसाठी विकतात. अलॉइफोलिया रात्री पानांची छिद्रं उघडतो हे खरं. दिवसा उघडली तर उन्हात पाणी उडून जाईल, म्हणून तो कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो. पण ऑक्सिजन तयार होतो पाण्याचा रेणू फुटून, आणि त्याला उजेड लागतोच. रात्री युक्का ऑक्सिजन वापरतो, आपल्यासारखाच.

वैशाखात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात आणि ते पाणी घातलं की पानांची टोकं तपकिरी पडतात. मीठ कुंडीत साठत जातं. महिन्यातून एकदा गोडं पाणी भरपूर ओतून खालून वाहू द्या. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून काढा, आणि मुंग्यांचाही बंदोबस्त करा, कारण त्याच त्याला राखतात. घरात मांजर-कुत्रा असेल तर पानं चघळू देऊ नका. रिठ्यात असतं तसं सॅपोनिन युक्कातही असतं, त्याने त्यांना उलट्या होतात.

नारळ-पोफळीचा शेंडा गेला की झाड गेलं, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. युक्काही त्यांच्यासारखाच एकदल, तरी शेंडा छाटला की खालून नवे कोंब फुटतात. छाटलेला तुकडाही लागतो. तो चार-पाच दिवस सावलीत ठेवून कापाचं तोंड वाळवा आणि वरची बाजू वरच ठेवून लावा. जास्वंदीचं बेणं आपण पाऊस धरून लावतो, याचं मात्र फाल्गुन-चैत्रात किंवा ऑक्टोबरच्या उन्हात.

बी धरण्याची वाट बघत बसू नका. युक्काचं परागण करणारा छोटा पांढरा पतंग इथे नाही. मादी पराग गोळा करते, फुलात अंडी घालते आणि मग पराग मुद्दाम कुक्षीवर नेऊन भरते. पुढे तिच्या अळ्या काही बिया खातात, उरलेल्या झाडाच्या. चार्ल्स रायली यांनी १८७२ साली हे प्रथम मांडलं. आपल्याकडे पांढऱ्या घंटांचा तुरा आला तर बघून घ्या, आणि वाळला की बुडाशी कापा. त्याच्या खालून फांद्या फुटतील.