इंग्रजीतील विपुलतादर्शक शब्द

एखादी गोष्ट पुष्कळ आहे, पण नेमकी किती हे सांगायचे नसते किंवा सांगता येत नाही, अशा वेळी इंग्रजीत वापरल्या जाणाऱ्या शब्दांना आणि शब्दसमूहांना विपुलतादर्शक शब्द म्हणता येईल. ‘मेनी’, ‘मच’, ‘अ लॉट ऑफ’, ‘प्लेंटी ऑफ’, ‘अ ग्रेट डील ऑफ’ ही त्यांतील नेहमीची नावे. मराठी व्याकरणातील अनिश्चित संख्याविशेषणे त्यांना बरीच जवळची आहेत. मात्र मराठीतला ‘खूप’ माणसांनाही चालतो आणि पाण्यालाही, तर इंग्रजी शब्द निवडण्यापूर्वी पुढचे नाम मोजता येणारे आहे की नाही हे ठरवावे लागते.

मोजता येणाऱ्या नामांच्या अनेकवचनापूर्वी ‘मेनी’ आणि न मोजता येणाऱ्या नामांपूर्वी ‘मच’ येतो. ‘मच’ हा जुन्या इंग्रजीतील ‘मोठा’ या अर्थाच्या शब्दापासून आला असून तो संस्कृत ‘महत्’चा दूरचा नातेवाईक आहे; म्हणजे त्याच्या मुळाशी मोजणी नसून आकार आहे. नियम सोपा दिसतो, पण कोणते नाम मोजायचे हे प्रत्येक भाषा आपल्या मर्जीने ठरवते. मराठीत दोन सल्ले देता येतात, चार बातम्या ऐकता येतात आणि केस तर अनेकवचनीच असतात. इंग्रजीतील ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘न्यूज’ आणि डोक्यावरचे ‘हेअर’ मात्र न मोजता येणारी नामे आहेत, त्यामुळे त्यांच्यापूर्वी ‘मेनी’ लावता येत नाही. मराठी भाषकांच्या इंग्रजीतील चुका बहुधा इथेच होतात. दुसरी चूक ‘टू मच’ची: मराठी बोलण्यात तो कौतुकाचा उद्गार झाला आहे, पण इंग्रजीत त्याचा अर्थ ‘गरजेपेक्षा जास्त’ असा आहे.

होकारार्थी वाक्यात नुसता ‘मच’ अवघडल्यासारखा वाटतो. ‘आय डोन्ट हॅव मच टाइम’ हे सहज आहे, परंतु वेळ भरपूर असेल तर ‘आय हॅव अ लॉट ऑफ टाइम’ असेच म्हणतात. ‘सो’, ‘टू’, ‘अ‍ॅज’ यांच्या जोडीने आलेल्या ‘मच’ला ही अडचण नाही.

‘अ लॉट ऑफ’ दोन्ही प्रकारच्या नामांना चालतो, याचे कारण त्याच्या इतिहासात सापडते. ‘लॉट’ म्हणजे मूळचा कौल लावण्यासाठी टाकायचा चिठ्ठीसारखा तुकडा. त्यावरून वाट्याला आलेला हिस्सा, पुढे विक्रीसाठी एकत्र ठेवलेला माल आणि शेवटी नुसते ‘पुष्कळ’ असा त्याचा प्रवास झाला. व्यापारात मराठी माणूस ‘मालाचा लॉट’ म्हणतो तेव्हा तो मधला अर्थच वापरत असतो. ‘डील’चाही मूळ अर्थ ‘भाग’ असाच आहे, तर ‘प्लेंटी’चे मूळ लॅटिनमधील भरलेपणात आहे, ज्याचे नाते संस्कृत ‘पूर्ण’शी लागते. हे शब्द मुळात नामे होती, म्हणून त्यांच्यापुढे ‘ऑफ’ टिकून राहिला. पण त्यांचे नामपण झिजल्यामुळे क्रियापद ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे उरला नाही. ‘अ लॉट ऑफ वॉटर इज’, पण ‘अ लॉट ऑफ पीपल आर’. हीच झीज ‘नंबर’मध्ये अर्धवट झालेली दिसते: ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर अ‍ॅब्सेंट’ यात ‘नंबर’ केवळ ‘बरेच’ एवढाच अर्थ देतो, तर ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज स्मॉल’ यात तो खरोखरची संख्या असल्याने क्रियापद एकवचनी राहते. ‘मेनी अ मॅन हॅज ट्राइड’ ही रचना आणखी चमत्कारिक, कारण तिचा अर्थ अनेकवचनी असूनही नाम व क्रियापद दोन्ही एकवचनीच असतात.

प्रसंगानुसार शब्द बदलतात. ‘टन्स ऑफ’, ‘लोड्स ऑफ’, ‘हीप्स ऑफ’ हे घरगुती बोलण्याचे शब्द असून अहवालात किंवा अर्जात ते खटकतात. तेथे मोजता येणाऱ्या नामांसाठी ‘न्यूमरस’ किंवा ‘अ लार्ज नंबर ऑफ’ आणि इतरांसाठी ‘अ लार्ज अमाउंट ऑफ’ शोभतात.

संख्यानामेही विपुलतेसाठी राबवली जातात. नेमका आकडा सोबत असेल तर ती एकवचनीच राहतात आणि ‘ऑफ’ही येत नाही, जसे ‘टू डझन एग्ज’ किंवा ‘फाइव्ह मिलियन पीपल’; आकडा अनिश्चित असेल तर ‘डझन्स ऑफ’, ‘मिलियन्स ऑफ’ असे होते. ‘स्कोअर’ म्हणजे मोजणीच्या काठीवरची खाच, त्यावरून वीस. अब्राहम लिंकन यांनी 1863 मध्ये गेटिसबर्गच्या भाषणाची सुरुवात करताना 87 वर्षांसाठी ‘फोर स्कोअर अँड सेव्हन’ असे म्हटले होते. अनेकवचनी ‘स्कोअर्स ऑफ’मध्ये मात्र विसाचा हिशेब उरलेला नाही. ग्रीकमध्ये 10,000 असा नेमका अर्थ असलेला ‘मिरियड’ही इंग्रजीत ‘असंख्य’ झाला. ‘मिलियन’ हा इटालियनमधला ‘मोठा हजार’, म्हणजे दहा लाख. ‘बिलियन’च्या बाबतीत जुने ब्रिटिश लेखन वाचताना जपावे लागते, कारण त्यात तो बहुधा एकावर बारा शून्ये दाखवतो; पुढे मात्र ब्रिटिश सरकारने आपल्या आकडेवारीसाठी एकावर नऊ शून्यांचा, म्हणजे शंभर कोटींचा, अर्थ स्वीकारल्याचे 1974 मध्ये जाहीर केले.