आयईएलटीएसचा अर्ज: इंग्रजीआधी नाव, प्रकार आणि तारीख तपासा

रात्रभर एसटीने प्रवास करून एक नर्स पुण्याला आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी शिक्षणासाठी किंवा व्हिसासाठी द्यायच्या इंग्रजी परीक्षेच्या केंद्रावर पोहोचली. तयारी चांगली झाली होती. दारात तिने प्लास्टिकच्या पाकिटातलं आधार कार्ड पुढे केलं, कारण पासपोर्ट एजंटाने 'फाइलसाठी' स्वतःकडे ठेवून घेतला होता. मोबाइलमध्ये पासपोर्टाचा फोटो होता, झेरॉक्सही होती, पण तिला आत सोडलं नाही. फी गेली आणि महिनाही गेला. मी इंग्रजी शिकवतो, आणि खरं सांगायचं तर माझ्या विद्यार्थ्यांचं जितकं नुकसान इंग्रजीने केलं नसेल तितकं अर्जाने केलंय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

या परीक्षेला पात्रतेची अशी मोठी अट नाही. पदवी लागत नाही, शिक्षणाचं माध्यम कुणी विचारत नाही. वय 16 च्या पुढे असावं, एवढीच शिफारस आहे. 2021 पासून भारतात ही परीक्षा आयडीपी ही संस्था घेते. नोंदणी ऑनलाइन होते, फीही ऑनलाइनच भरायची. मुंबई, पुणे, नागपूर इथे तारखा सहज मिळतात.

कागद एकच लागतो, तो म्हणजे पासपोर्ट. मूळ प्रत, परीक्षेच्या दिवशी मुदतीत असलेली, आणि अर्जात ज्याचा नंबर भरलाय तीच. आधार, पॅन, मतदार कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स यांतलं काहीही चालत नाही. तुमचा पासपोर्ट एजंटाकडे, क्लासवाल्यांकडे किंवा दुसऱ्या गावी भावाच्या कपाटात असेल, तर तो आधी हातात घ्या आणि मगच फी भरा.

आता नावाचं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी नाव असतं, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे येतं. त्या सवयीने मुलं अर्जातही तसंच भरतात. असं करू नका. पासपोर्ट उघडा, फोटोच्या पानावर आडनावाची ओळ वेगळी आणि दिलेल्या नावाची ओळ वेगळी असते. त्या दोन ओळींत जे आहे तेच, त्याच स्पेलिंगने, त्याच क्रमाने अर्जात उतरवा. वडिलांचं नाव दिलेल्या नावाच्या ओळीत असेल तर तेही लिहायचं. पासपोर्टावर आडनावाची ओळ रिकामी आहे आणि सगळं नाव खालच्या ओळीतच आहे, असेही बरेच जण भेटतात. त्यांनी मनाने आडनाव वेगळं काढू नये. फी भरण्याआधी केंद्राला ईमेल करून विचारावं आणि आलेलं उत्तर जपून ठेवावं.

लग्न झालेल्या मुलींची अडचण याहून मोठी. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं, पदवी पुन्हा माहेरच्या नावाची. परीक्षेपुरतं बोलायचं तर पासपोर्टावरचं नाव खरं. पण तुम्ही पासपोर्ट बदलायला टाकणारच असाल, तर आधी तो बदलून घ्या, नवा हातात येऊ द्या आणि मग तारीख बुक करा. बुकिंग जुन्या पासपोर्टावर केलं आणि मधेच नवा आला, तर जुना रद्द झालेला असतो आणि नव्याचा नंबर अर्जात नसतो. असं झालंच, तर त्याच दिवशी केंद्राला कळवून नोंद दुरुस्त करून घ्या, परीक्षेच्या सकाळपर्यंत थांबू नका. राजपत्रात नाव बदललं म्हणजे पासपोर्टावरही बदललं, असा समज करून घेऊ नका. ती दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं तुम्हालाच करावं लागतं.

दुसरी अडचण प्रकाराची. ॲकॅडेमिक, जनरल ट्रेनिंग, यूकेव्हीआय आणि लाइफ स्किल्स, ही नावं अर्ज भरताना एकाखाली एक दिसतात आणि घाईत चुकीच्या नावावर टिचकी पडते. विद्यापीठात शिकायला जायचं असेल तर बहुतेक वेळा ॲकॅडेमिक. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे तिथल्या कायम रहिवासासाठीच्या योजनेला, जनरल ट्रेनिंगच लागतं, तिथे ॲकॅडेमिकचे कितीही चांगले बँड (म्हणजे गुण) असले तरी चालत नाहीत. ब्रिटनच्या काही व्हिसांसाठी साधी आयईएलटीएस पुरत नाही, यूकेव्हीआय लागते. परीक्षा तीच, प्रश्नांचं स्वरूप तेच, म्हणून अनेकांना फरक कळतच नाही, पण व्हिसाच्या टेबलावर तो फरक मोजला जातो. पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश देणारं विद्यापीठ बऱ्याचदा साधी परीक्षा मान्य करतं. त्यांच्या पत्रात नेमकं कोणतं नाव लिहिलंय ते शब्द न शब्द वाचा.

नवऱ्याकडे ब्रिटनला निघालेल्या मुलींना सुरुवातीला ए-1 ही इंग्रजीची अगदी प्राथमिक पातळी पुरते. त्यासाठी लाइफ स्किल्स नावाची छोटी परीक्षा आहे, तिच्यात फक्त ऐकणं आणि बोलणं असतं. मी अशा मुलींना ॲकॅडेमिकच्या निबंधांची सहा-सहा महिने तयारी करताना पाहिलंय, कारण क्लासने त्यांना दुसरं काही सांगितलंच नव्हतं. त्याचा मला अजूनही राग आहे.

नर्सिंगवाल्यांसाठी वेगळं सांगतो. ब्रिटनची नर्सिंग कौन्सिल, म्हणजे एनएमसी, ॲकॅडेमिकमध्ये लेखनाला 6.5 आणि वाचन, ऐकणं, बोलणं या तिन्हींना 7 मागते. सगळं एकाच परीक्षेत जमलं नाही तर दोन परीक्षांचे गुण एकत्र करता येतात. दोन्ही परीक्षा 12 महिन्यांच्या आत झालेल्या हव्यात, आणि कुठल्याच परीक्षेत लेखन 6 च्या खाली किंवा बाकीची तीन 6.5 च्या खाली गेलेली नकोत. ही सवलत कित्येकींना माहीतच नसते. एका विभागात अर्धा बँड कमी पडला म्हणून त्या खचून जातात.

सरासरीचाही घोळ होतो. समजा ऐकणं 7, वाचन 6.5, बोलणं 6.5 आणि लेखन 5 आहे. सरासरी 6.25 येते आणि एकूण बँड 6.5 दिला जातो. घरी पेढे वाटले जातात. पण विद्यापीठाच्या अटीत 'कुठल्याही विभागात 6 पेक्षा कमी नको' ही ओळ असते, आणि अर्ज तिथेच थांबतो. एकूण आकड्याखालची ती ओळ आधी शोधा.

मग मुदती. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरला जातो, पण ही दोन वर्षं परीक्षेच्या तारखेपासून मोजतात. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत तर प्रोफाइल भरण्याच्या दिवशीही आणि पुढे कायम रहिवासाचा अर्ज करण्याच्या दिवशीही निकाल दोन वर्षांच्या आतला हवा. प्रोफाइल भरली म्हणजे झालं असं समजून लोक बसून राहतात, कायम रहिवासाचा अर्ज करायचं निमंत्रण येतं आणि तोवर निकाल शिळा झालेला असतो.

फेरतपासणी मागायची तर परीक्षेपासून सहा आठवड्यांच्या आत, आणि गुण बदलले तर तिची फी परत मिळते. संगणकावर परीक्षा दिली असेल तर एकच विभाग पुन्हा देण्याची सोय आहे, तिला मुदत 60 दिवसांची. दोन्ही मुदती परीक्षेच्या दिवसापासून सुरू होतात, निकाल हातात आल्यापासून नव्हे. 60 दिवसांत नुसतं बुकिंग नको, ती परीक्षाच त्या मुदतीत बसेल असं बघा. आणि एका विभागाचा असा निकाल सगळीकडे चालत नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी संस्थेकडून ईमेलवर लेखी होकार घ्या. फोनवर कुणी 'चालेल' म्हणालं तर त्याला काही अर्थ नाही.

काही ठिकाणी परीक्षेऐवजी इंग्रजी माध्यमाचा दाखला चालतो. कॉलेजच्या लेटरहेडवर तुमचं नाव, अभ्यासक्रम, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत शिकलात आणि शिक्षणाचं माध्यम, एवढं स्पष्ट हवं, खाली सही-शिक्का. कॉलेजचा क्लार्क 'असा फॉरमॅट आमच्याकडे नाही' म्हणतो, म्हणून मजकूर टाइप करूनच न्या. पण ब्रिटनच्या पती-पत्नी व्हिसाला नुसता हा दाखला पुरत नाही, परदेशी पदव्या तपासणाऱ्या एक्टिस या ब्रिटिश संस्थेचं प्रमाणपत्रही लागतं, आणि त्याला वेगळे पैसे व वेगळा वेळ द्यावा लागतो.

बोलण्याची परीक्षा वेगळ्या दिवशीही असू शकते. गावाहून येणाऱ्यांनी परतीचं तिकीट काढण्याआधी ईमेलमध्ये दोन्ही वेळा बघाव्यात. केंद्रावर फोटो आणि बोटाचा ठसा घेतात, घड्याळ आणि मोबाइल बाहेर ठेवावे लागतात. पासपोर्टाचं कव्हर घरीच काढून ठेवा, आणि आदल्या रात्री बॅगेत पासपोर्ट टाकल्यावर तो उघडून मुदत पुन्हा एकदा वाचा.