उतारावरची जागा, तिथली झाडे आणि घर बांधण्याचे नियम

मुळशी, मावळ आणि भोर तालुक्यांत टेकडीच्या अंगावर जागा घेऊन घर बांधू पाहणारे बरेच ग्राहक आमच्याकडे मोजणी आणि नकाशासाठी येतात. पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "किती चौरस फूट बसेल?" आम्ही उलट विचारतो: जागेचा उतार किती आहे आणि तिच्यावर झाडे कोणती आहेत? घर कुठे बसेल, केवढे बसेल, की बसणारच नाही, हे या दोन उत्तरांवर ठरते. हे पत्रक इसार देण्याआधी वाचावे, ही विनंती.

एकास पाचचा नियम

राज्यात बहुतेक ठिकाणी डिसेंबर 2020 पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. डोंगराळ जागेचा उतार 1:5 पेक्षा तीव्र असेल, तर या नियमावलीनुसार ती बांधकामास पात्र ठरत नाही. 1:5 म्हणजे आडव्या पाच मीटरला एक मीटर चढ, म्हणजेच 20 टक्के किंवा सुमारे 11.3 अंश. नुसत्या डोळ्यांना हा चढ फारसा वाटत नाही, आणि गफलत तिथेच होते. चढाच्या दिशेने 30 मीटर लांब असलेल्या जागेत वरची हद्द खालच्या हद्दीपेक्षा 6 मीटरहून उंच असेल, तर सरासरी उतार मर्यादेबाहेर गेला.

सरासरीवरही विसंबू नये. एकाच गटात खालचा भाग सौम्य आणि वरचा अगदी उभा, असे सह्याद्रीच्या पायथ्याला नेहमी दिसते. म्हणून आम्ही एक-एक मीटर उंचीच्या अंतराने कंटूर नकाशा, म्हणजे समान उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या रेषांचा नकाशा, काढतो. दोन रेषांमधले आडवे अंतर पाच मीटरपेक्षा कमी असेल, तर तिथे उतार 1:5 पेक्षा तीव्र आहे. तो पट्टा आम्ही लाल रंगवून देतो आणि घर त्याच्याबाहेर बसवतो.

पोकलेन लावून आधीच सपाट केलेला प्लॉट पाहून हुरळून जाऊ नका. तीव्र उतार खोदून किंवा भराव टाकून सपाट केला म्हणून जागा पात्र होत नाही. शेजारच्या जमिनीचा चढ आणि जुनी उपग्रह चित्रे पाहिली की मूळ उतार कळतो. शिवाय खोदलेला मुरूम जागेबाहेर नेला असेल, तर गौण खनिजाची (मुरूम, माती, दगड वगैरेंची) परवानगी आणि स्वामित्वधनाची, म्हणजे रॉयल्टीची, पावती विक्रेत्याकडे मागा. विनापरवाना उत्खननावर महसूल खाते दंड लावते, आणि नोटीस आली तर ती निस्तरायला तुम्हालाच पळापळ करावी लागेल.

पुणे शहराच्या हद्दीत विकास आराखड्यातले डोंगरमाथा-डोंगरउतार क्षेत्र वेगळे आहे, आणि समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण सुमारे 978 हेक्टरांवर आहे. अशा टेकड्यांवर गुंठ्या-गुंठ्याने तुकडे विकले जातात आणि "आरक्षण लवकरच उठणार" असे सांगितले जाते. झोन दाखल्यात, म्हणजे जागा विकास आराखड्यातल्या कोणत्या क्षेत्रात येते याच्या दाखल्यात, आज जे लिहिले आहे, तेवढेच खरे धरा.

झाड तोडायची परवानगी वेगळी

बांधकामाचा नकाशा मंजूर झाला म्हणजे झाड तोडायची परवानगी मिळाली, असे नाही. ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्रही त्यासाठी चालत नाही.

महापालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागतो आणि अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. अर्जानंतर जागेची पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, लोकांच्या हरकती मागवल्या जातात. या कायद्यात 'तोडणे' या शब्दात झाड जाळणे आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही धरले आहे. बुंध्याशी आग लावून किंवा मुळाशी काही ओतून झाड वाळवणे हा त्यातून सुटण्याचा मार्ग नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो, आणि एक झाड तोडायचे तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. चाळीस वर्षांचे झाड असेल तर चाळीस रोपे. तेवढी जागा प्लॉटमध्ये आहे का, याचा हिशेब आधीच करा.

ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड विनियमन अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, खैर, हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ, मोह अशी आपल्या ओळखीची झाडे आहेत. ती तुमच्या मालकीच्या जमिनीत असली तरी तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तोडलेले लाकूड बाहेर नेण्याचा वाहतूक पास वेगळा.

सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात वनाची नोंद असेल, तर तिथेच थांबा. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याने अशा कित्येक जमिनी शासनाकडे गेल्या आहेत. वनजमिनीला 1980 चा वन संवर्धन कायदा लागतो, आणि तिथे आमच्यासारख्या कार्यालयाकडून काही होण्यासारखे नसते. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान या भागांना अनुक्रमे 2001 आणि 2003 पासून केंद्राच्या स्वतंत्र अधिसूचना आहेत. तिकडच्या जागेबद्दल वेगळे विचारा.

पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या यादीत गावाचे नाव पाहून काही ग्राहक घाबरतात. केंद्राच्या 31 जुलै 2024 च्या मसुद्यात बंदी आहे ती 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांवर आणि मोठ्या वसाहतींवर. एका कुटुंबाच्या घराला त्याने आडकाठी येत नाही. उतार आणि झाडांचे नियम मात्र त्या घरालाही लागतात.

हे नियम आम्ही मनापासून का पाळतो

आपल्याकडे खाली बेसाल्टचा कातळ, त्यावर झिजलेला मुरूम आणि वर मातीचा थर असतो. पाऊस मातीत मुरतो, कातळाशी अडतो आणि तिथेच साठू लागतो. पाण्याचा दाब वाढला की वरचा थर सुटतो. झाडांची मुळे हा थर धरून ठेवतात, कातळाच्या भेगांत शिरून त्याला अडकवतात आणि मातीतले पाणी ओढून घेतात. झाड तोडल्यावर पहिल्या पावसाळ्यात बहुधा काही होत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण मुळे काही वर्षांत कुजत जातात, पकड सुटते, आणि नवी रोपे तोवर तेवढी खोल गेलेली नसतात. धोका तेव्हा वाढतो. त्यातच घरासाठी उताराचा पायथा खोदला, तर वरच्या मातीचा आधारही जातो.

आंबेगाव तालुक्यातले माळीण 30 जुलै 2014 ला गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातले तळीये, 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. प्रत्येक ठिकाणची कारणे वेगळी, पाऊस मात्र सगळीकडे प्रचंड होता. तो आपल्या हातात नाही. उतार कापायचा की नाही, झाड ठेवायचे की नाही, हे आपल्या हातात आहे.

म्हणून नकाशा काढताना आम्ही झाडे आधी मांडतो. आंब्याला वळसा घालून व्हरांडा काढता येतो. घर एका सपाटीवर न बसवता दोन-तीन पातळ्यांवर बसवले की खोदाई बरीच कमी होते. आधारभिंत लागलीच, तर तिच्या मागे खडीचा थर आणि भिंतीत पाणी बाहेर पडायला छिद्रे हवीतच. छिद्रे बुजली, तर भिंत मागच्या पाण्याच्या दाबाने फुगते आणि पडते. घराच्या वरच्या अंगाला चर काढून पाणी नैसर्गिक ओहोळाकडे न्यावे, शेजाऱ्याच्या बांधावर सोडू नये. आणि जून ते सप्टेंबर उताराला यंत्र लावायचे नाही. या चार महिन्यांत खोदाईचे काम आम्ही घेत नाही.

येताना चालू सातबारा, फेरफार, मोजणीची क-प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) आणि झोन दाखला आणा. झाडांचे फोटो बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काढा आणि छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजून लिहून ठेवा. व्यवहार झालेला नसेल तर विक्रेत्यालाही सोबत आणायला हरकत नाही.