बरोक मुद्राचित्रांतील मृत्युदर्शन

सतराव्या शतकातील यूरोपीय मुद्राचित्रांत, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून किंवा ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रांत, मृत्यू हा नेहमीचा विषय होता. कवटी, वाळूचे घड्याळ, विझलेली वात ही नश्वरतेची चिन्हे जुनीच; माणसाला ओढून नेणारा सांगाडाही मध्ययुगीन ‘मृत्युनृत्या’तून, म्हणजे मृत्यू सर्व दर्जांच्या माणसांना नाचवत नेतो अशा चित्रांतून, आलेला. बरोक या त्या शतकातल्या नाट्यमय शैलीच्या चित्रकारांनी त्याला वेग दिला आणि ओळखीच्या जागी आणून सोडले.

नान्सीचा मुद्राचित्रकार झाक कालो (१५९२–१६३५) याच्या ‘युद्धाच्या महाविपदा’ (१६३३) या १८ चित्रांच्या मालिकेत मृत्यू सांगाड्याच्या रूपात येतही नाही. तो सैनिकांच्या हातून येतो. फाशीच्या चित्रात एका मोठ्या झाडाला माणसे लटकलेली आहेत, शिडीवर पाद्री एकाला अखेरचा दिलासा देतो आहे आणि बाजूला नगाऱ्यावर फासे टाकले जात आहेत. सारे एवढेसे, बोटभर आकृत्यांत. एवढे बारीक काम जमले ते कालोने अम्लरेखनात, म्हणजे रोगण लावलेल्या धातूच्या पत्र्यावर ओढलेल्या रेषा आम्लाने कोरण्याच्या तंत्रात, आणलेल्या सुधारणांमुळे. ल्यूट हे तंतुवाद्य बनवणारे वापरत ते कडक रोगण त्याने पत्र्यावर घेतले. त्यामुळे आम्ल नको तिथे झिरपेना आणि पत्रा पुन्हापुन्हा आम्लात बुडवून जवळच्या रेषा ठळक, लांबच्या फिक्या ठेवता येऊ लागल्या.

कालोचे वळण गिरवत तयार झालेला फ्लॉरेन्सचा स्तेफानो देल्ला बेल्ला (१६१०–१६६४) १६३९ ते १६५० या काळात पॅरिसमध्ये होता. १६४८च्या सुमारास त्याने ‘पाच मृत्यू’ या अंडाकृती चित्रांना हात घातला. एकात सांगाडा मूल घेऊन पळतो. मागे पॅरिसची ‘निष्पाप बालकां’ची दफनभूमी दिसते. दुसऱ्यात उलटी धरलेली बाई. सोळाव्या शतकातल्या होल्बाइन या जर्मन चित्रकाराच्या, लाकडी ठशांवरून छापलेल्या मृत्युनृत्यात पोप, राजा, शेतकरी असे दर्जे होते. इथे दर्जा नाही, वय आहे. त्यामुळे उपरोध गेला आणि भीती वाढली. या विषयावरचे त्या शतकातले हेच सर्वांत अस्वस्थ करणारे काम म्हणावे लागेल. मालिकेतील एक पत्रा देल्ला बेल्लाच्या हातून अपुरा राहिला, तो गालेस्त्रूत्सी या मुद्राचित्रकाराने पुरा केला. रणांगणावर घोडा उधळत जाणारा मृत्यू हे देल्ला बेल्लाचेच स्वतंत्र, मोठे चित्र.

रेम्ब्रँटने १६३९ मध्ये छोट्या अम्लरेखनात नटलेल्या जोडप्यासमोर उघड्या थडग्यातून सांगाडा वर काढला. इटालियन चित्रकार साल्वातोर रोझाच्या ‘चिंतनमग्न डेमॉक्रिटस’मध्ये (१६६२) मात्र हाडांच्या पसाऱ्यात तत्त्वज्ञ नुसता बसून आहे. होल्बाइनची जुनी मालिकाही मागे पडली नव्हती: मुद्राचित्रकार व्हेन्सेस्लाउस होलारने १६५१ मध्ये ती तांब्याच्या पत्र्यावर नव्याने उतरवली.