वीज न खाता टिकणारं अक्षर

ई-इंकचा, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा, वाचायचा-लिहायचा टॅबलेट पहिल्यांदा हातात घेणारा माणूस पान उलटलं की हमखास विचारतो, "हा बिघडलाय का?" पान बदलताना सगळा पडदा क्षणभर काळा होतो, मग पांढरा, आणि मग कुठे पुढचा मजकूर उमटतो. मोबाईलने असं केलं तर आपण तो तडक दुरुस्तीला टाकू. इथे मात्र ही लुकलुक नेहमीच्या कामकाजाचाच भाग आहे. या पडद्याला झटपट काहीच जमत नाही. त्याचे बहुतेक गुण आणि जवळपास सगळे दोष या एका मंदपणातून निघालेले आहेत.

मोबाईलच्या पडद्यावर अक्षर दिसतं ते प्रकाशाने, आणि ते चित्र सेकंदाला ६० वेळा किंवा त्याहून जास्त वेळा नव्याने रंगवलं जातं. ई-इंकच्या पडद्यात मात्र खरोखरचे रंगकण असतात. केसाच्या जाडीएवढ्या किंवा त्याहून लहान असंख्य पारदर्शक कॅप्सूल, त्यांत तेलासारखा द्रव आणि त्या द्रवात तरंगणारे पांढरे आणि काळे कण. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही हेच वापरतात. दोन्ही रंगांच्या कणांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. खालून एका बाजूचा विद्युतदाब दिला की पांढरे वर येतात, उलटा दिला की काळे. कणांना अख्खी कॅप्सूल पोहून पार करावी लागते, म्हणून करड्या छटांसकट एक पान बदलायला साधारण अर्धा सेकंद जातो.

विद्युतभारित कण द्रवात सरकवून चित्र काढायची कल्पना १९७० च्या सुमाराचीच. पण ती चालेना, कारण काही काळाने कण एकमेकांना चिकटायचे, गोळे व्हायचे, एका बाजूला साचायचे. यावर उपाय निघाला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये. जोसेफ जेकबसन आणि त्यांचे पदवीचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी द्रवाचे असंख्य बंदिस्त कप्पे केले. मग कण सरकले तरी सरकून जाणार किती! १९९७ मध्ये ई-इंक ही कंपनी निघाली, १९९८ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत शोधनिबंध आला. गंमत म्हणजे सूक्ष्म कॅप्सूल बनवण्याचं तंत्र त्याआधीच पावतीपुस्तकांत पोहोचलेलं होतं. खाली कार्बन न घालता दुसरी प्रत उमटवणारा कागद एनसीआर या अमेरिकन कंपनीने १९५० च्या दशकात काढला, तो पेनच्या दाबाने फुटणाऱ्या अशाच कॅप्सूलवर चालतो. त्यानंतर २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये या पडद्याचं पहिलं वाचनयंत्र विकायला आणलं, २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनचं किंडल आलं. मधल्या काळात, २००६ मध्ये, मोटोरोलाचा मोटोफोन एफ३ हा स्वस्त फोन ई-इंकचा पडदा घेऊन भारतातही आला होता. आज तो फारसा कुणाला आठवत नाही.

कण एकदा जागेवर बसले की तिथेच राहतात. वीज लागते ती फक्त हलवताना. बॅटरी काढून टाकली तरी पानावरचा मजकूर तसाच. म्हणूनच परदेशातल्या अनेक सुपरमार्केटांत फळीवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या आता याच पडद्याच्या असतात. जाहिरातीत "आठवडाभर बॅटरी" म्हणतात त्याचं मूळही हेच. पण तो आकडा मुख्यतः वाचनाचा. लिहायला बसलात, पडद्याचा दिवा लावलात, वायफाय चालू ठेवलंत की बॅटरी बऱ्याच वेगाने उतरते, कारण मग पडद्याशिवाय बाकीचे सगळे भाग जागे असतात.

पडद्याला स्वतःचा प्रकाश नाही, त्यामुळे उन्हात तो जास्तच स्पष्ट दिसतो. मात्र पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४० टक्केच तो परत पाठवतो. चांगला पांढरा कागद ८० टक्क्यांच्या आसपास पाठवतो. पानाची पार्श्वभूमी थोडी मळकट, वर्तमानपत्रासारखी वाटते ती यामुळे. रात्रीसाठी कडेने बारीक एलईडी लावलेले असतात आणि एक पारदर्शक थर त्यांचा प्रकाश पानावर पसरवतो. या पडद्याने डोळ्यांना आराम मिळतो, झोपही नीट लागते असं सर्रास सांगतात. झोपेबद्दलचा बहुचर्चित अमेरिकन प्रयोग (२०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला) होता प्रकाश फेकणारा टॅबलेट विरुद्ध छापील पुस्तक असा, आणि त्यात माणसं होती अवघी १२. टॅबलेटवर वाचणाऱ्यांना झोप लागायला साधारण १० मिनिटं जास्त लागली. त्यात ई-इंक नव्हतंच. तेव्हा तो प्रयोग ई-इंकच्या बाजूने पुरावा म्हणून मांडणं बरोबर नाही.

आता ती काळी लुकलुक. कणांना स्मरणशक्ती असल्यासारखं ते आधीच्या जागेचा हट्ट धरतात. आधीचं पान पूर्ण न पुसता नवं काढलं तर जुन्या ओळी मागे फिकट दिसत राहतात. म्हणून यंत्र आधी सगळ्या कणांना वर-खाली घुसळून घेतं, सूप झटकून धान्य एकसारखं करावं तसं, आणि मग हव्या त्या पातळीवर थांबवतं. कुठल्या ठिपक्याला किती वेळ, कुठल्या दिशेने विद्युतदाब द्यायचा याची तयार कोष्टकं यंत्रात साठवलेली असतात, आणि तीही तापमानागणिक वेगळी. थंडीत द्रव दाट होतो, कण रेंगाळतात, म्हणून आत तापमान मोजायची सोय असते.

वाचायला अर्धा सेकंद ठीक आहे. लिहायला तो अशक्यच. पेनाचं टोक पुढे आणि शाई मागून लंगडत येतेय, अशा वहीत कोण लिहील? या अडचणीवर केलेल्या युक्त्या मला या यंत्रातल्या सगळ्यात सुंदर गोष्टी वाटतात. पहिली, करड्या छटा सोडून द्यायच्या. लिहिताना फक्त काळं किंवा पांढरं. दुसरी, अख्खं पान न बदलता टोकाभोवतीचे मूठभर ठिपकेच हलवायचे. तिसरी, कण पूर्ण पोहोचायची वाट बघायची नाही. ते निघाले की रेघ डोळ्याला दिसू लागतेच. नॉर्वेच्या रिमार्केबल कंपनीने २०२० च्या यंत्रासाठी हा उशीर २१ मिलिसेकंदांवर आणल्याचं सांगितलं.

हा उशीर देवनागरीत ठळक दिसतो. अक्षरांचे तुकडे छोटे असतात, तिथे उशीर लपून जातो. पण शब्द पूर्ण करून शिरोरेषा झरकन ओढताना पाहा. हात सेकंदाला १५ सेंटिमीटर वेगाने गेला तर २१ मिलिसेकंदांत टोक तीन मिलिमीटर पुढे निघून गेलेलं असतं, आणि रेघ मागून येऊन त्याला गाठते. उशीर ५० मिलिसेकंद असेल तर हेच अंतर साडेसात मिलिमीटर, म्हणजे एखाद्या अक्षराएवढं. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला एवढी लांब आडवी रेघ क्वचितच ओढावी लागते. विकत घेण्याआधी तपासायचं तर "नमस्कार"सारखा एखादा शब्द लिहून वरची रेघ जोरात ओढून पाहावी.

अशा बऱ्याच टॅबलेटांच्या पेनात बॅटरी नसते. पडद्यामागे बारीक तारांच्या जाळीचा एक बोर्ड असतो, तो चुंबकीय क्षेत्र सोडतो. पेनातली तारेची गुंडाळी आणि कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) ती ऊर्जा घेऊन ठरावीक वारंवारितेने परत पाठवतात, आणि टोक कुठे आहे ते बोर्डाला कळतं. टोक दाबलं की वारंवारिता किंचित बदलते, त्यावरून दाब कळतो. हे तंत्र जपानच्या वाकोम कंपनीने चित्रकारांच्या टॅबलेटांतून रुळवलं. काही यंत्रांच्या पडद्यावर कागदासारखी खरखर दिलेली असते. ती पेनाचं प्लास्टिकचं टोक हळूहळू झिजवते. काही महिन्यांनी ते एका बाजूने तिरकं होतं, खडूसारखं. बदलायची टोकं जवळ ठेवावी लागतात.

हाताने लिहिल्यावर चांगलं लक्षात राहतं, हा या यंत्रांच्या विक्रीचा हुकमी मुद्दा. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात लॅपटॉपवर टिपणं काढणारे विद्यार्थी शब्दशः उतरवत गेले आणि समजुतीच्या प्रश्नांत मागे पडले. नंतर तोच प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना तितका ठळक फरक सापडला नाही. २०२४ च्या सुरुवातीला नॉर्वेच्या ऑड्री व्हॅन डर मेर यांच्या गटाने ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. हाताने लिहिताना मेंदूच्या भागांमधली जोडणी टंकलेखनापेक्षा बरीच दाट दिसली. यातलं लिखाण कागदावरचं नव्हतं, ते पडद्यावर डिजिटल पेनाने केलेलं होतं, ही आपल्या कामाची गोष्ट. पण टंकलेखन एकाच बोटाने करायला लावलं होतं आणि किती लक्षात राहिलं हे तपासलंच नव्हतं. मला त्यातून घेण्याजोगं वाटतं ते एवढंच: हळू लिहिणाऱ्याला सगळं उतरवणं जमत नाही, निवड करावी लागते, आणि निवड करायची तर आधी समजून घ्यावं लागतं.

दिवसाची घडी बसवायला हे यंत्र कितपत उपयोगी? वर्षाची रोजनिशी पीडीएफमध्ये मिळते. तिच्यात तारखेवर टोक टेकवलं की त्या दिवसाचं पान उघडतं, आणि ते छान चालतं. पण आठवण करून द्यायला ते बहुधा वाजत नाही. विजेचं बिल, लसीकरणाची तारीख, गाडीचं आरक्षण मोबाईललाच सांगावं. बूक्स या कंपनीच्या यंत्रांसारख्या अँड्रॉइड चालवणाऱ्या यंत्रांवर मोबाईलची बहुतेक अ‍ॅप्स येतात, पण बोटाने वर सरकवलेला मजकूर या पडद्यावर ओरबाडल्यासारखा दिसतो. हस्ताक्षरात शोध घ्यायची सोय अनेकांत आहे. ती मराठीला चालते का, हे त्या-त्या यंत्रावर करून पाहावं. चालत नसेल तर वहीचं नाव आणि पानाचा मथळा तेवढा टंकित करावा. शोध त्यावरून लागतो.

मराठी वाचनासाठी मोठा आकार घेतलेला बरा. आपल्याकडची बरीच जुनी पुस्तकं पानांच्या छायाचित्रांच्या पीडीएफमध्येच मिळतात. त्यात अक्षर मोठं केलं तर ओळ आपोआप मोडत नाही, पान इकडून तिकडे सरकवत बसावं लागतं. सहा इंची यंत्रावर दोन स्तंभांचं पान वाचणं म्हणजे शिक्षाच. दहा इंचीवर ते सरळ वाचता येतं. रंगीत पडद्यांचा मोह मात्र जरा आवरावा. ज्यांत काळ्या-पांढऱ्या थरावर रंगाची जाळी बसवलेली असते तिथे पार्श्वभूमी आणखी काळपट होते, आणि ज्यांत कणच रंगीत असतात तिथे चार रंगांची वाटणी करायला जास्त वेळ लागतो.

एक खबरदारी यंत्राच्या बाहेरची. लिहिलेली पानं बहुतेक यंत्रं स्वतःच्या खास स्वरूपात आणि कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतात, आणि काही सोयींसाठी महिन्याचे पैसे मागतात. म्हणून लिहून झालेली वही पीडीएफ करून स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवावी. हस्ताक्षराच्या रेघा पीडीएफमध्ये आकृतीसारख्या साठवल्या गेल्या तर फाइल लहान होते आणि कितीही मोठी केली तरी फाटत नाही. छायाचित्रासारख्या साठवल्या तर मात्र शंभर पानांची वही मेलमधून पाठवताना अडते.