टोरी म्हणजे नक्की कोण? हुजूर पक्षाच्या मागची जुनी गोष्ट

मराठी पेपर वाचत मोठं झालेल्या सगळ्यांना 'हुजूर पक्ष' आणि 'मजूर पक्ष' हे शब्द माहीत असतात, ब्रिटनच्या इलेक्शनची बातमी आली की हमखास हेच. मजूर पक्ष कळतो, लेबरचं सरळ भाषांतर. पण कॉन्झर्व्हेटिव्हला 'हुजूर' ज्या कुणी पहिल्यांदा म्हटलं त्याने कमालच केली असं मला वाटतं, कारण हुजूर म्हणजे राजाची समक्षता, राजाची स्वतःची फौज ती हुजुरात, राजाची स्वतःची घोडी बांधायची जागा ती हुजूरपागा. आणि या पक्षामागच्या टोरी परंपरेची सुरुवात नेमकी तिथेच आहे, राजाच्या बाजूने उभं राहणाऱ्या माणसांपाशी. भांडवल, मार्केट, कमी टॅक्स हे सगळं पुष्कळ नंतर आलं. म्हणून टोरी आणि कॉन्झर्व्हेटिव्ह हे दोन शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो ना, तिथे जरा थांबायला हवं.

आधी शब्दच बघू. टोरी हा इंग्रजी शब्द नाहीच, तो आयरिश आहे. मूळ अर्थ पाठलाग करणारा किंवा ज्याचा पाठलाग होतोय असा, म्हणजे फरारी. १६४० आणि ५० च्या दशकांत आयर्लंडमध्ये युद्ध झालं, इंग्रज सेनानी क्रॉमवेलने बेट जिंकलं, कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी काढून घेतल्या आणि त्यातले बरेच लोक रानावनात, दलदलीत जाऊन इंग्रज वसाहतींवर धाडी घालायला लागले. त्यांना म्हणायचे टोरी. आपल्याकडे पेंढारी म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येतं साधारण तसंच, फक्त इथे घरदार हिसकावून घेतल्याची जखम होती.

हा शब्द लंडनच्या राजकारणात आला १६७९ ते ८१ मध्ये. दुसरा चार्ल्स राजा होता, त्याला औरस मूल नव्हतं, वारस म्हणजे धाकटा भाऊ जेम्स आणि जेम्स झालेला कॅथलिक. इंग्लंड प्रोटेस्टंट, तिथे तेव्हा कॅथलिक राजा म्हणजे लोकांच्या पोटात गोळा, त्यात १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या माणसाने राजाला मारायचा कॅथलिक कट आहे अशी थाप मारून सगळा देश पेटवला होता. शाफ्ट्सबरी नावाच्या उमरावाच्या गटाने पार्लमेंटात विधेयक आणलं की जेम्सला वारसाहक्कातून वगळा. विरोधात जे उभे राहिले ते म्हणाले वारस देवाने ठरवलाय, पार्लमेंट कोण ठरवणार. मग वगळा म्हणणाऱ्यांनी यांना हिणवलं टोरी, म्हणजे कॅथलिक आयरिश लुटारूंचे सोयरे, आणि यांनी उलट त्यांना हिणवलं व्हिग, तो शब्द स्कॉटलंडमधल्या कट्टर प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) बंडखोरांवरून आलेला. दोन्हीकडून शिव्याच होत्या, आणि दोन्ही गटांनी आपली शिवी हळूहळू बिरुदासारखी मिरवली. त्यातली एक साडेतीनशे वर्षांनीही चालू आहे.

विधेयक पडलं, १६८५ मध्ये जेम्स गादीवर आला, टोरी जिंकले. आणि इथूनच त्यांची खरी परीक्षा सुरू झाली, जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टोरीच्या दोन निष्ठा, राजा आणि इंग्लंडचं चर्च, आणि आता राजाच चर्चच्या मुळावर उठलेला. जेम्सने कॅथलिकांना सवलती देणारं फर्मान सगळ्या चर्चमधून वाचायला सांगितलं, कँटरबरीचा आर्चबिशप सँक्रॉफ्ट आणि आणखी सहा बिशपांनी नाही म्हटलं, त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत टाकलं, खटला चालला, आणि १६८८ च्या जून अखेरीस ते निर्दोष सुटले. त्याच दिवशी सात बड्या लोकांच्या सहीचं पत्र हॉलंडला जेम्सच्या प्रोटेस्टंट जावयाकडे, विल्यमकडे गेलं की ये, आणि त्या सातांत टोरी डॅन्बी होता, लंडनचा बिशप कॉम्प्टनही होता. जन्मभर राजाविरुद्ध हत्यार उचलणं पाप आहे म्हणणारे लोक हे. पण सँक्रॉफ्टचं काय झालं बघा, जेम्स पळून गेला, विल्यम आणि त्याची बायको मेरी गादीवर आले, आणि सँक्रॉफ्ट म्हणाला मी एकदा जेम्सच्या निष्ठेची शपथ घेतलीय, तो जिवंत असताना दुसऱ्याची घेणार नाही. ज्या राजाने तुरुंगात टाकलं त्याच राजाच्या शपथेसाठी म्हाताऱ्याने आर्चबिशपपद गमावलं आणि सफोकमधल्या आपल्या गावी जाऊन राहिला. त्याच्यासोबत चारेकशे पाद्र्यांनी पोटापाण्याच्या जागा गमावल्या. जुना टोरीपणा म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी आधी ही गोष्ट सांगेन, शब्द दिला तर तो आपल्या सोयीपेक्षा मोठा.

अॅन राणीच्या काळात, १७०२ ते १७१४, टोरी म्हणजे गावाकडचा मध्यम जमीनदार आणि त्याचा पाद्री. युद्धाचा खर्च त्याच्या माथी, जमिनीवरचा कर पाउंडाला चार शिलिंग म्हणजे सरळ वीस टक्के, आणि दुसरीकडे १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघालेली, सरकारला कर्ज देऊन व्याजावर श्रीमंत झालेली लंडनमधली नवी मंडळी बहुतेक व्हिग. टोरींना हा पैसा हवेतला वाटायचा. त्यांनी १७११ मध्ये कायदाच केला की काउंटीतून खासदार व्हायचं तर वर्षाला ६०० पाउंडांचं उत्पन्न जमिनीतून पाहिजे. म्हणजे आज ज्या पक्षाला बँकवाल्यांचा पक्ष म्हणतात त्याचे पूर्वज बँकवाल्यांचे कट्टर विरोधक होते. पुढे १७१४ मध्ये जर्मनीतून पहिला जॉर्ज आला, त्याने टोरींना जवळ केलं नाही, काही जण पळून गेलेल्या राजघराण्याच्या बंडात गुंतले आणि जवळपास पन्नास वर्षं हे लोक सत्तेबाहेर राहिले.

मग एडमंड बर्क. त्याला कॉन्झर्व्हेटिव्ह विचारांचा बाप म्हणतात पण तो कधीच टोरी नव्हता, व्हिगच होता. १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीविरुद्ध त्याने लिहिलं की समाज म्हणजे जिवंत, मेलेले आणि अजून जन्मायचे या सगळ्यांची भागीदारी आहे. याच माणसाने कंपनीच्या कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्जवर वर्षानुवर्षं खटला चालवला. जुनी व्यवस्था मोडू नका हे तो फ्रान्सला सांगत होता तसंच हिंदुस्थानात लुटालूट करणाऱ्या इंग्रजांनाही सांगत होता, आपल्याकडे हा दुसरा भाग कमी सांगितला जातो.

कॉन्झर्व्हेटिव्ह हे नाव पक्षासाठी वापरात आलं १८३० च्या सुमारास. तेव्हाचा वाद म्हणजे पार्लमेंटच्या मतदारसंघांची आणि मताधिकाराची सुधारणा. इथे आपल्या ओळखीचा एक माणूस येतो, जॉन माल्कम, ज्याच्यापुढे १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि ज्याच्या नावाने महाबळेश्वरची माल्कमपेठ आहे. तो इंग्लंडला परतून १८३१ मध्ये खासदार झाला आणि या सुधारणेच्या विरोधात उभा राहिला. १८३२ मध्ये कायदा झालाच. मग पक्षाचा नेता रॉबर्ट पील याने १८३४ मध्ये टॅमवर्थच्या मतदारांना जाहीरनामा लिहून सांगितलं की झालेली सुधारणा आम्ही मान्य करतो, खरी गाऱ्हाणी दूर करू. हा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा पाया धरतात. पण याच पीलने आयर्लंडमधल्या दुष्काळाच्या वेळी १८४६ मध्ये परदेशी धान्यावरची जकात काढायचा कायदा आणला आणि पक्ष उभा फुटला, त्याच्या दोन तृतीयांशांच्या आसपास खासदारांनी विरोधात मत दिलं.

त्याच काळात यॉर्कशरमध्ये रिचर्ड ओस्टलर नावाचा एक टोरी, एका जमीनदाराच्या इस्टेटीचा कारभारी, गिरण्यांत राबणाऱ्या लहान पोरांसाठी लढत होता. त्याची घोषणा होती वेदी, सिंहासन आणि झोपडी, म्हणजे चर्च, राजा आणि गरीब. कारखानदार बहुतेक लिबरल, म्हणजे व्हिगांचे वारस, सरकारने मध्ये पडू नये म्हणणारे, आणि दहा तासांच्या दिवसासाठी भांडणारे सॅडलर, लॉर्ड अॅश्ली हे टोरी. १८४७ मध्ये बायका आणि अल्पवयीन मुलांसाठी तो कायदा झाला. मोठ्याने लहानाला सांभाळायचं हे त्या विचारातलं देणं होतं, अधिकार वरच्याकडे तर जबाबदारीही वरच्याकडे. यात समता नव्हती हे खरंच, आणि ते लपवायचं कारण नाही. पुढे पक्षाचा नेता झालेल्या डिझरायलीने १८४५ च्या 'सिबिल' कादंबरीत श्रीमंत आणि गरीब ही दोन वेगळी राष्ट्रं झालीत असं लिहिलं, त्यातूनच पुढे 'वन नेशन' (सगळ्यांचं एकच राष्ट्र) हा शब्द आला. पंतप्रधान असताना १८७५ मध्ये त्याच्या सरकारने सार्वजनिक आरोग्याचा आणि कामगारांच्या घरांचा कायदा केला, आणि दुसऱ्याच वर्षी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताबही त्यानेच मिळवून दिला. १८९५ मध्ये याच पक्षाकडून मुंबईचे मंचेरजी भावनगरी लंडनमधून खासदार झाले, दादाभाई लिबरलांकडून निवडून आले त्यानंतर तीन वर्षांनी.

विसाव्या शतकात हा धागा हॅरॉल्ड मॅकमिलनमध्ये दिसतो. १९२४ मध्ये तो स्टॉकटनमधून निवडून आला, तिथली बेकारी त्याने जवळून पाहिली आणि ती तो विसरला नाही. पुढे गृहनिर्माण मंत्री म्हणून वर्षाला तीन लाख घरं बांधायचं टार्गेट त्याने पूर्ण केलं, मग पंतप्रधान झाला. १९७९ मध्ये थॅचर आल्या, मार्केटवर भर, सरकारी कंपन्या विकणं सुरू झालं, ज्या विचाराला जुने लोक लिबरलांचा विचार म्हणायचे तो आता पक्षाचा झाला. १९८५ मध्ये ९१ वर्षांच्या मॅकमिलनने टोरी रिफॉर्म ग्रुपच्या कार्यक्रमात भाषण केलं, म्हणाला की घराणं अडचणीत आलं की आधी चांदीची भांडी विकली जातात, मग दिवाणखान्यातलं फर्निचर, मग भिंतीवरची चित्रं. तेव्हा तो लॉर्ड झाला होता आणि किताबासाठी त्याने गाव निवडलं होतं स्टॉकटन.